आत्याचा बेस विकायचा ठरला

माझी आत्या मोटारी भरते. म्हणजे जळालेल्या पंपांच्या, लेथच्या, पिठाच्या गिरण्यांच्या मोटारींतली काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढते आणि नवी भरते. या धंद्यात बायका नसतात, असं लोक तिला तरुणपणापासून सांगत आले आणि सांगता सांगता आपली जळकी मोटार तिच्याच टेबलावर ठेवून गेले. लग्न तिनं केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणते, "जो यायचा त्याच्या हातात बंद पडलेला पंप असायचा. मला आधी पंप दिसायचा."

दिवसभर मोटारी आणि शनिवारी संध्याकाळी बँड. कुणाची निवृत्ती, क्लबाचा वार्षिक समारंभ, नाचाचा कार्यक्रम, असं काही असलं की हा चार जणांचा बँड जातो, आणि त्यात आत्या बेस वाजवते. बेस म्हणजे विजेवरची गिटारच, पण चार जाड तारांची आणि चांगली लांब मानेची. गिटार म्हटलं की ऐकणाऱ्याचे डोळे चमकतात. तिच्यावर गाणं वाजत नाही, गाण्याच्या खालचं काहीतरी वाजतं, असं सांगितलं की ते डोळे विझतात. शाळेत असताना मी हे समजावणं सोडून दिलं आणि आत्या गिटार वाजवते असंच सांगायला लागले. ते तिच्या कानावर गेलं तेव्हा तिनं माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता.

हा बेस तिला एका हॉटेलातल्या वादकाकडून मिळाला. हॉटेलाच्या बँडचा अॅम्प्लिफायर जळला, तो दुकानात दुरुस्तीला आला, आणि दुरुस्त करून पोचवायला आत्या गेली. चालतो की नाही बघायला तिनं तिथे पडलेला बेस जोडला आणि एक तार ओढली. ती सांगते, "बाई गं, फासळ्या हलल्या. पायाखालची फरशी हलली. म्हटलं, हे आपल्या लाइनीतलं आहे." तो वादक कायम उचक्या देत असायचा, का ते हॉटेलातल्या सगळ्यांना माहीत होतं. त्यानं तिला उचक्यांच्या मधल्या वेळात थोडंफार शिकवलं, आणि पुढे त्याला नवा, हलका, चकचकीत बेस मिळाला तेव्हा हा जुना तिच्या गळ्यात घातला. त्या काळी जुनं म्हणजे फक्त जुनं असायचं. जुन्याला भाव असतो हा शोध माणसाला नंतर लागला, बहुधा नवीन करायचं विसरल्यावर.

आत्याचं त्या बेसवर प्रेम होतं ते मात्र वेगळ्याच कारणासाठी. ज्या गृहस्थानं असला बेस पहिल्यांदा घडवला तो म्हणे रेडिओ दुरुस्त करणारा. स्वतःला एक गाणं धड वाजवता येत नसे. त्यानं लाकडाची एक फळी घेतली, तिला वरच्या बाजूला दोन शिंगं काढली, मागून पोट टेकायला खोलगट कापली, पुढून हाताला रुतू नये म्हणून कड उतरवली, आणि मान चार स्क्रूंनी ठोकून दिली, म्हणजे बिघडली की काढून दुसरी लावता येईल. "मोटारीसारखी," आत्या म्हणायची. "आणि पोटाचा विचार बघ. आजवर खुर्चीवाल्यांनी केला नाही, कपडेवाल्यांनी केला नाही, या रेडिओवाल्यानं केला." आत्याचं पोट बऱ्यापैकी आहे, त्यामुळे हा मुद्दा तिला फार जवळचा होता.

आता बाबांकडे येऊ. बाबा म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांचा दिवस फोनमध्ये डोकं घालून जातो. एकदा त्यांनी फोनवर तसाच बेस पाहिला, खाली किंमत पाहिली, आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिली. त्या दिवसापासून त्यांनी आत्याच्या मागे भुणभुण लावली. तो आकडा ते घरातही कुजबुजून सांगायचे, जणू शेजारी भिंतीला कान लावून बसलेत. जुने बेस जमवणारी माणसं असतात, त्यांना एक एक स्क्रू मूळचा लागतो, रंग मूळचा लागतो, जोडकामाचा शिश्याचा थेंबसुद्धा कारखान्यातला लागतो, हे सगळं बाबांनी पाठ केलं. आत्या ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बाळ, तुझं पोट दुखतंय का?"

आणि मग मास्तरांनी नवा कीबोर्ड घेतला.

मास्तर म्हणजे बँडचे मालक. माणूस वाईट नाही, फक्त गोड आहे. नव्या कीबोर्डवर डाव्या हाताला बेसचा आवाज निघायचा. हुबेहूब. मास्तरांनी तालमीत तो वाजवून दाखवला, सगळ्यांनी वा वा केली, आत्यानंही केली. मग मास्तर म्हणाले, "ताई, आता एवढं ओझं उचलून यायची काय गरज? आराम करा. शनिवारी या, पुढच्या खुर्चीवर बसा, ऐका."

त्या 'ऐका'नं आत्याचं काय झालं ते मला दिसलं. घरी येऊन ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. दुकानात जाऊन येत होती, जेवत होती, पण बोलायचं म्हणून नाव नाही. चौथ्या दिवशी चहाचा कप खाली ठेवून बाबांना म्हणाली, "तुझं ते गिऱ्हाईक बोलाव."

बाबांना स्वर्ग दोन बोटं उरला. मला मात्र धडकी भरली. आत्या सत्तरीला टेकली आहे. दुकानात हल्ली तिच्याकडे छोट्याच मोटारी येतात, कारण मोठ्या तिला उलटवत नाहीत. शनिवार गेला असता तर तिच्याकडे उरलं काय असतं? आमच्या घरातली मागची खोली आणि बाबांची भुणभुण. मी तिला म्हटलं, "आत्या, घाई करू नकोस." ती म्हणाली, "वाजवायचं नाही तर भिंतीला टांगून त्याची पूजा करू? जाऊ दे. ज्याला हवं त्याला नेऊ दे." तिचा आवाज इतका सरळ होता की मला तिचाच राग आला.

गिऱ्हाईक रविवारी सकाळी आले. दारात उभे राहिले तेव्हा मला वाटलं, दाताचे डॉक्टर घरी यायला लागले की काय. हातात पांढरे हातमोजे, बगलेत चामड्याची पेटी, पेटीत बॅटरी, लांब दांड्याचा छोटा आरसा, स्क्रू ड्रायव्हर आणि मीटर. आईनं त्यांचं तिथल्या तिथे 'हातमोजे' असं नाव ठेवलं, आणि घरात अजूनही तेच चालतं. बोलायचे अगदी हळू, आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तसं. बाबाही त्यांच्यासारखे हळू बोलायला लागले. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "कुणी झोपलंय का?"

बेस टेबलावर ठेवला होता, वर चादर. हातमोज्यांनी चादर दोन बोटांनी उचलली आणि तशीच धरून ठेवली.

"हा रंग..." ते म्हणाले. "यांचा रंग मधे पिवळा आणि कडेला जात जात काळपट असतो. हा लाल आहे."

"तो रंग सोलवटून गेला," आत्या म्हणाली. "घामानं. टेबलावर खपल्या पडायच्या. मग मी वॉर्निश मारलं."

"कसलं वॉर्निश?"

"मोटारीचं. लाल. आम्ही तार भरून झाली की वरून मारतो ना, ते. पाणी लागू देत नाही, उष्णता लागू देत नाही, करंट लागू देत नाही."

"गिटारला करंट..." हातमोज्यांनी वाक्य सोडून दिलं. "आणि वाळवलं कसं?"

"भट्टीत."

"भट्टीत?"

"मोटारी सुकवायची असते. पण मंद आचेवर हो," आत्या घाईघाईनं म्हणाली. "मध्ये दोनदा उलटवला."

हातमोजे खुर्चीवर बसले. आईनं त्यांना पाणी दिलं. बाबांनी आत्याकडे असं पाहिलं की जणू तिनं त्यांच्या सख्ख्या मुलीला भट्टीत घातलं होतं. मी त्यांची सख्खी मुलगी, मी समोरच उभी होते, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

पण गृहस्थ चिवट होते. उठले आणि पुन्हा कामाला लागले. तारांच्या खालच्या बाजूला, जिथे कारखान्यानं बोटं टेकायला एक लाकडी तुकडा बसवला होता, तिथे दोन भोकं होती आणि तुकडा तारांच्या वरच्या बाजूला गेला होता.

"तो खाली काय कामाचा?" आत्या म्हणाली. "त्या रेडिओवाल्याला वाटलं, लोक अंगठ्यानं वाजवतील आणि बोटं खाली टेकतील. वाजवता येत नसलं की असं होतं. आम्ही बोटांनी वाजवतो, अंगठा वर टेकतो. म्हणून वर नेला. भोकांत काड्या घातल्यात."

"कसल्या काड्या?"

"काड्यापेटीतल्या. जळलेल्या. जळलेली काडी फुगत नाही."

मानेच्या टोकाला मागे एक हूक होता. तो पिशवी अडकवायचा होता, कारण एकदा कार्यक्रम चालू असताना कुणीतरी तिची पिशवी पळवली होती, आणि तेव्हापासून तिची पिशवी तिच्याबरोबर ठेका धरायची. तारांखाली आवाज दाबायला स्पंजाची पट्टी असायला हवी होती, तिथे रबरी चपलेचा तुकडा होता. "स्पंजाचा भुगा झाला," आत्या म्हणाली. "चपलेनं आवाज जास्त छान बसतो. डाव्या पायाची आहे. उजव्या पायाची मी जास्त झिजवते." हातमोज्यांनी तो तुकडा चिमट्यानं उचलून बशीत ठेवला.

मग त्यांनी मीटर लावलं. तारांच्या खाली चुंबकं असतात आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. त्यातूनच आवाज विजेत जातो. मीटरचा काटा बघून हातमोजे म्हणाले, "हे कुणी तरी पुन्हा गुंडाळलंय. वेढे जास्त आहेत."

"मीच. गाणाऱ्या बाईनं त्यात सरबत सांडलं होतं. मोजून गुंडाळत होते हो, पण मधेच एक गिरणीवाला येऊन बोंबलायला लागला. त्याला शांत करेपर्यंत कुठवर आले होते ते विसरले. म्हटलं, कमी पडण्यापेक्षा जास्त बरे." आत्याचा चेहरा उजळला होता. "पण त्यानंतर काय आवाज आला! आमचा ड्रमवाला म्हणाला, बाई, आता ऐकू येत नाही, जेवल्यासारखं वाटतं."

चार दिवस मुकी झालेली बाई घडाघडा बोलत होती. एकेक खोडी निघाली की बाबांचा चेहरा उतरायचा आणि आत्याचा चढायचा. मला वाटलं, सुटलो. आता हे गृहस्थ पेटी बंद करणार, नमस्कार करून जाणार आणि बेस घरात राहणार. चपलेचं वितळलेलं रबर तारांखाली राहिलं होतं, ते हातमोज्यांच्या हातमोज्यांना चिकटलं, म्हणून हातमोजे काढून हात धुवायला ते मोरीकडे गेले. माझ्या मनात आलं, जाताना त्यांना चहा तरी द्यावा.

आतून किंकाळी आली.

आम्ही धावलो. हातमोजे हातमोज्यांशिवाय मोरीत उभे होते. हात ओले, आणि हातात आमची साबणदाणी. आमच्या मोरीत एक जाड, वाकलेली, चकचकीत धातूची साबणदाणी होती. मी जन्मल्यापासून ती तिथेच होती. कुठून आली हा प्रश्न घरात कधी निघाला नाही, साबणदाण्यांविषयी असे प्रश्न कोण काढतं?

"हे झाकण!" ते म्हणाले. आता ते हळू बोलत नव्हते. "हे बेसवरचं झाकण आहे! मूळचं!"

"हो, ते हाताला लागायचं," आत्या म्हणाली. "काढून टाकलं."

तिथेच उभं राहून त्यांनी आम्हाला सांगितलं. या बेसांवर अशी झाकणं यायची, दिसायला देखणी. पण वाजवणाऱ्याच्या हाताला ती आडवी यायची, म्हणून जगभरातल्या वादकांनी ती पहिल्याच आठवड्यात काढली आणि त्यांत सिगारेटी विझवल्या. मग ती हरवली. आज बेस मिळतात, झाकणं मिळत नाहीत. आमच्या घरात कुणी सिगारेट ओढत नाही, म्हणून हे झाकण वाचलं होतं. साबणामुळे गंजसुद्धा चढला नव्हता.

"अहो पण साबण कुठे ठेवलात?" आई म्हणाली.

बाबांच्या जिवात जीव आला. आणि गृहस्थांनाही नवा हुरूप चढला, कारण ते परत टेबलाशी आले, नवे हातमोजे चढवले, तारा सैल केल्या आणि चार स्क्रू काढून मान वेगळी केली. मानेच्या बुडाशी, जिथे ती फळीत बसते, पेन्सिलनं कुणीतरी महिना आणि साल लिहिलं होतं. ते अक्षर बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. कुठल्या तरी कारखान्यातल्या, बहुधा घरी जायची घाई असलेल्या माणसाचं अक्षर होतं ते. आम्हाला वाटलं नव्हतं की ते कुणाला रडवेल.

मग ते सरळ बोलले. "ताई, असा अख्खा बेस म्हणून याची किंमत गेली. पण तुकड्यांची आहे. माझ्याकडे एक बॉडी आहे, मूळ रंगाची, पण तिची मान वाकलेली. तुमची मान तिला बसेल. तारा आवळायच्या किल्ल्या, वरची प्लास्टिकची पट्टी, बटणं, झाकण, सगळं तिच्यावर जाईल. एक पूर्ण बेस होईल."

"आणि ही लाल?" आत्यानं फळीकडे बोट दाखवलं.

"तिचं काही नाही. तुम्हाला आठवण म्हणून राहू दे."

बाबांनी आकडा विचारला. आकडा ऐकून बाबा हसले, आणि त्यांना हसताना बघून मलाच वाईट वाटलं, कारण हा माणूस हावरट नाही. त्यांच्या मनात आत्याच्या दुखऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, हे मला माहीत होतं. ते आत्याला म्हणाले, "ताई, तसाही आता तुझा तो..." आणि पुढचं गिळलं.

आत्या उघड्या पडलेल्या लाल फळीवर हात ठेवून बसली होती. मग म्हणाली, "न्या."

मी उठून खिडकीपाशी गेले. मला तिथे कुणाच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं. मागे हातमोजे फोन तोंडाशी धरून मानेची नोंद करत होते. मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, तार त्यांच्यावर दाबली की सूर बदलतो, पट्टी जितकी पुढची तितका सूर वरचा. बॅटरी मारून ते एकेक पट्टी बघत होते आणि फोनला सांगत होते. "पहिली, खूप झिजलेली. दुसरी, खूप. तिसरी, खोल खाचा. चौथी, मध्यम. पाचवी, खूप." मग थांबले. "सहावी... अरे! कोरी. सातवी कोरी. आठवी... वरपर्यंत कोरी!"

ते आत्याकडे वळले. त्यांच्या तोंडावर कृतज्ञतेशिवाय दुसरं काही नव्हतं.

"ताई, तुमचे उपकार आहेत. इतकी वर्षं वाजवूनही तुम्ही पाचवीच्या वर गेलाच नाहीत. म्हणून निम्म्याहून जास्त मान अगदी नवी राहिली. कारखान्यातून आली तशी."

आत्या म्हणाली, "काय म्हणालात?"

त्यांनी पुन्हा सांगितलं, आणखी गोड करून.

"इकडे आणा."

तिनं मान मांडीवर घेतली, बॅटरी घेतली. खालच्या पट्ट्यांवर तारांनी खाचा पाडल्या होत्या, बोट फिरवलं की नखाला लागत. तिनं अंगठा वर सरकवत नेला. पाचवी गेली आणि पुढे सगळं गुळगुळीत. त्या कोऱ्या पट्ट्यांत तिचा चष्मा चमकत होता. ती बराच वेळ अंगठा वर खाली फिरवत राहिली.

"तू वर का गेली नाहीस कधी?" मी विचारलं.

"मला शिकवलंच पाचपर्यंत. तो हॉटेलवाला म्हणाला, एवढ्यावर सगळं होतं, बाकीच्या शोभेच्या आहेत."

"आणि तुला खरं वाटलं?"

"शिकवणारा होता ना तो!" ती माझ्यावर उखडली. मग स्वतःशीच म्हणाली, "त्याला पुढे सांगायचं असेल. उचकी लागली असेल मेल्याला."

मला हसू आलं. प्रत्येक वस्तू उलटवून बघणारी, कारखान्याचं न ऐकता भोकं पाडणारी, बेस भट्टीत घालणारी बाई, आणि एका उचकीखोर माणसाचं एवढं एक वाक्य तिनं जन्मभर मानलं होतं.

आत्यानं मान टेबलावर ठेवली नाही. "बाळ," ती म्हणाली, "मान विकायची नाही."

"अगं ताई, सगळी किंमत मानेचीच आहे!"

"निम्मी तर अजून वापरली नाही. न वापरलेली वस्तू कुणी विकतं का?"

"त्यांचा धंदाच तो आहे!" बाबा हातमोज्यांकडे बोट दाखवून ओरडले. हातमोज्यांनी नाकारलं नाही.

"ऑपरेशनचं काय? गुडघ्याचं?" बाबा शेवटी बोलून गेले. आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. तिला हे माहीत नव्हतं. मग ती म्हणाली, "साबणदाणीत गुडघा होत असला तर बघ." आणि गृहस्थांना म्हणाली, "ते झाकण घेऊन जा. आणि मान जागच्या जागी बसवून द्या. मी बसवेन, पण तुमचा हात चांगला आहे."

हातमोजे ताडकन उठून जातील असं मला वाटलं होतं. ते उठले नाहीत. चारही स्क्रू बसवले, तारा चढवल्या, सुरात लावल्या, चपलेचा तुकडासुद्धा चिमट्यानं जागेवर ठेवला. मग अॅम्प्लिफायर कुठे आहे म्हणाले, आणि हातमोजे काढून त्यांनी तो लाल, भाजलेला, काड्यांचा बेस वाजवला. खालून सुरुवात केली, पाचवी ओलांडली, आणि वर जाऊन काहीतरी छोटंसं वाजवलं. जाड आवाजाचा बेस तिथे गेल्यावर चक्क गात होता. आत्या तोंड उघडं टाकून बघत होती. तपासणीपुरतं वाजवून झालं तरी ते थांबले नाहीत, चहा गार होईपर्यंत वाजवत बसले. नंतर आत्याला सातव्या पट्टीवर बोट कसं ठेवायचं ते दाखवलं, साबणदाणीचे पैसे बाबांच्या हातात ठेवले, ती रुमालात गुंडाळली आणि गेले.

पुढचे महिने आमच्या घरात फार वाईट गेले. वर पट्ट्या जवळ जवळ असतात आणि आत्याची बोटं मोटारी उलटवून जाड झालेली. रोज दुकानातून आल्यावर ती वर चढायची आणि घसरायची. आई एकदा म्हणाली, "वन्सं, खालचंच बरं होतं हो." बाबा कानात बोळे घालून फोन बघायचे. साबण बशीत ठेवल्यामुळे विरघळायला लागला होता, त्याचाही आईला राग होता.

मग एका शनिवारी आत्या न विचारता तालमीला गेली. मास्तर गडबडले. आत्या म्हणाली, "तुमचा डावा हात खाली वाजू दे, मास्तर. मी वर असते." मास्तरांना बेस वर असतो हेच माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना. ड्रमवाला, जो दिवसा चष्मे विकतो, म्हणाला, "बाई, वर जाताय तर जपून जा, मी खाली उभा आहे." क्लबाच्या कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्यात आत्या सातवीवर गेली आणि साफ चुकली. नाचणारे दोघं चौघं थबकले आणि आवाज कुठून आला ते बघायला वळले. आत्या लालबुंद झाली. पण पुन्हा ती जागा आली तेव्हा ती पुन्हा गेली, आणि या वेळी लागली. ड्रमवाल्यानं उगाचच एक थाप जास्त मारली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी तिथे पुसलं नाही.

परवा रविवारी आत्यानं आम्हाला हाका मारून मागच्या खोलीत बोलावलं. बेस मांडीवर, हातात बॅटरी. "बघा," म्हणाली. सातव्या पट्टीवर तिसऱ्या तारेखाली केसाएवढी खाच पडली होती. बाबांनी चष्मा वर खाली करून ती पाहिली, नख लावून पाहिली, आणि त्यांनी सुस्कारा सोडला.

"ताई, किंमत उतरली की गं."

"उतरणारच," आत्या आनंदानं म्हणाली. "अजून पार वरपर्यंत उतरवायचीय."